न वाजलेला खटका

पहिली खाच

गाडी जमिनीवर असायला हवी होती. ती नव्हती.

तपासनीस बाईंनी शटर गुडघ्यापर्यंत उचललं, वाकून आत पाहिलं आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. मागच्या खिडकीतून येणारा उजेड गाडीच्या चाकांखालून आरपार येत होता. वीतभर उंचीची स्वच्छ पट्टी. शटरला कुलूप त्यांनी स्वतः घातलं होतं आणि तेव्हा चारही चाकं फरशीला टेकलेली होती.

त्यांनी आधी गुडघ्यांना शिव्या घातल्या, मग आत शिरल्या. काहीही विचारण्याआधी यंत्रावर हात ठेवायचा ही त्यांची सवय. गाडी उचलायच्या लिफ्टचा खांब गार होता. मोटरच्या पेटीवर त्यांनी चिकटवलेली कागदाची पट्टी जशीच्या तशी होती.

याच लिफ्टखाली या गॅरेजच्या दोघा भावांतला थोरला गेला होता. भर दुपारी तेलाची नळी फुटली आणि वरची गाडी त्याच्यावर आली. नळी फुटली, तो अपघात. पण नुसती नळी फुटून गाडी पडत नाही. त्यासाठीच तर दोन्ही खांबांवर खाचा असतात. लिफ्ट वर चढताना लोखंडी खटके एकेका खाचेत आपोआप पडत जातात. खट, खट, खट. तेल गेलं तरी गाडी शेवटच्या खाचेवर अडकून राहते. खटके मागे ओढायला एक लाल दोरी असते, आणि ती ओढून धरली असेल तरच गाडी खाली येते.

त्या दुपारी दोरी ओढलेली होती. शेडमध्ये दोघंच होते. गाडीखाली थोरला आणि दोरीपाशी धाकटा.

बाई लिफ्ट तपासणाऱ्या खात्यातल्या. त्यांनी नवी नळी बसवून घेतली, त्याच गाडीचं ओझं ठेवून लिफ्ट वरखाली करून पाहिली, लिफ्टमध्ये दोष नाही असं ठरवलं आणि मोटरचा फ्यूज काढून नेला. आता अहवालात एकच ओळ लिहायची राहिली होती : खटके कुणी मागे ओढले. ती ओळ लिहिली गेली की धाकटा या घरात राहणार नव्हता. त्याला न्यायला माणसं येणार होती.

बाईंनी पिशवीतली पेपरमिंटची डबी काढून उघडली. दोन गोळ्या आणि फ्यूज. फ्यूज जागच्या जागी होता.

मग ही गाडी उचलली कुणी?


दुसरी खाच

शेडच्या मागच्या बाजूने एक जिना वर घरात जातो. त्याच्या दाराला कुलूप नाही. म्हणजे शेडमध्ये येऊ शकणारी माणसं मोजकीच. थोरल्याची बायको, जिला सगळे वहिनी म्हणतात. धाकटा. आजारातून उठलेली आई. आणि जुना मेकॅनिक, जो चहाला वर जायचा तो घरातलाच असल्यासारखा. वहिनी वर भांडी घासत होत्या. बाईंना बघून त्यांनी नळ बंद केला, हात मात्र पुसले नाहीत.

"त्याला विचारा. मला काय विचारता?"

"तुम्ही त्या दुपारी सगळ्यात आधी खाली गेलात."

"धडाका झाला. धावत गेले. हे..." वहिनी थांबल्या. पातेलं पालथं घातलं, परत सुलटं केलं. "हे दिसतच नव्हते. नुसते पाय. आणि तो दोरीला लटकलेला, दोन्ही हातांनी. मी या डोळ्यांनी पाहिलं."

"सकाळी भांडण झालं होतं म्हणे."

"रोजचंच. पण त्या दिवशी तो म्हणाला, मरशील एक दिवस. सख्ख्या भावाला. मी जिन्यात होते, बहिरी नव्हते."

"भांडण कशावरून?"

"ते नाही कळलं. कुजबुजत भांडायचे ना. आमच्याकडे सगळंच कुजबुजत. सासूबाईंचं दुखणं झाल्यापासून या घरात मोठ्याने शिंकायची चोरी. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही त्यांचा, दुपारी जरा पडतात. त्या पडल्या की आम्ही सगळे मांजराच्या पावलांनी. खाली आवाज झाला की काठी आपटायच्या. एकदाच, ठक! म्हणजे बास करा."

वरच्या खोलीतून आवाज आला. टक. टक. टक.

"ही बघा. त्या काठीचं रबर कुठे पडलंय देव जाणे. आधी कशी मऊ चालायची, आता डोक्यात घण घातल्यासारखी. तरी बरं, हल्ली आपटत नाहीत. कुणासाठी आपटणार? खाली आवाजच उरला नाही."

"गाडी वर गेलीय. माहीत आहे?"

वहिनींचा चेहरा उतरला, मग लगेच कडक झाला. "मग त्यानेच नेली. पुरावा बिघडवायचा असेल."

"वीज नाही खाली."

"आणली असतील चार दांडगी माणसं."

"तुमच्या स्वयंपाकघरातून?"

वहिनींनी नळ परत सोडला. निघताना बाईंच्या लक्षात आलं, एवढ्या बोलण्यात वहिनींनी दिराला एकदाही भावोजी म्हटलं नव्हतं. नुसतं तो. त्याला. त्याने.

दुसऱ्या दिवशी शटर उचललं तेव्हा गाडी आणखी एक खाच वर होती.


तिसरी खाच

(जुन्या मेकॅनिकचं बोलणं. बाईंचे प्रश्न गाळले आहेत. उत्तरांवरून ते कळतातच.)

"नाही हो, मी कशाला उचलू? मला त्या लिफ्टकडे बघवत नाही. मी हल्ली बाहेर फुटपाथवर पंक्चरं काढतो."

"सायलेन्सर? थोरल्याने ठेवलंय नाव. माझा आवाज ऐकताय ना? हा हळू आवाज आहे माझा. म्हणायचा, गाड्यांना नंतर, आधी तुलाच एक बसवायला पाहिजे."

"दुपारी नसायचोच मी. आई झोपल्या की मला काहीतरी सामान आणायला पिटाळायचा. लागत नसलं तरी. एकदा तर एकच स्क्रू आणायला पाठवला, आणि वर म्हणतो, निवडून आण. मी आपला बाजारात बसून चहा प्यायचो."

"हो. त्या दिवशीही. चहाच पीत होतो मी, बाई."

"नाही, ठीक आहे, विचारा."

"हातपंप? आहे की. मोटरच्या मागे बघा. वीज गेली तर गाडी अधांतरी राहू नये म्हणून असतो. पण त्याला दांडा कुठाय? किती तरी दिवस झाले नाहीसा होऊन. मी थोरल्याला विचारलं तर हसला. म्हणाला, चांगल्या कामाला लावलाय."

"पहार नाही बसत. भोक चौकोनी आहे त्याचं. नेमका तोच दांडा लागतो."

"धाकटा? तो पायाखाली मुंगी आली तरी क्षमा मागेल असा पोरगा. पण दोरीचं नाव काढलं की तोंडाला कुलूप. मी म्हटलं, बोल की बाबा, फासावर जाशील अशाने."

"काय म्हणाला? म्हणाला, काका, मी बोललो तर या घरातलं आणखी एक माणूस जाईल."


चौथी खाच

हातपंपाच्या चौकोनी भोकाला आतून ताजी चमक होती. गंज घासून निघाला होता. म्हणजे कुणाकडे तरी दांडा होता. पंपाखालच्या तेलकट कोपऱ्यात काळं रबरी बूच पडलं होतं. बाईंनी ते पुसून डबीत टाकलं. मग लाल दोरी जिथे लोंबते तिथल्या आकड्यावर बोट फिरवलं. बोटाला धागा लागला. निळा, मऊ, धुऊन धुऊन विटलेला. असा धागा गॅरेजात कुठून येणार?

"काही हवंय का?"

धाकटा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. दाढी वाढलेली. अंगातला शर्ट मोठा होत होता, भावाचा असावा.

"हातपंपाने ही गाडी उचलायला किती ताकद लागेल?" बाईंनी विचारलं.

तो सवयीने फळीकडे गेला. तिथे ब्रेकचं तेल ओढायच्या दोन सिरिंजा होत्या, एक बारीक आणि एक चांगली जाड, मध्ये पारदर्शक नळी, आत तेल. बारीक सिरिंज त्याने बाईंच्या हातात दिली. जाड सिरिंजेचा दट्ट्या त्याने आपल्या तळहाताखाली घेतला आणि त्यावर खांद्याचा सगळा भार टाकला.

"दाबा. एका बोटाने."

बाईंनी दाबलं. धाकट्याचा हात, त्याच्या भारासकट, वर उचलला गेला.

"दादा येईल त्या गिऱ्हाइकाला हे दाखवायचा," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा सुटला. "लोक गाडी न्यायला यायचे आणि तासभर हाच खेळ खेळत बसायचे. तेल दबत नाही ना, ते आकसत नाही. तुम्ही इकडे दाब दिला की तो तेलात सगळीकडे सारखाच पोचतो. बारीक दट्ट्याचं तोंड लहान, म्हणून तुम्हाला जोर थोडा लावावा लागतो. जाड दट्ट्याचं तोंड कितीतरी मोठं. तोच दाब तिथे जागोजाग ढकलतो, म्हणून तिकडे जोर तितक्या पटीने वाढतो. लिफ्टचं तेच. पंपातला दट्ट्या बोटाएवढा, खांबातला मांडीएवढा."

"फुकटात एवढा जोर?"

"फुकट नाही. बघा, तुमचा दट्ट्या तळाला गेला, आणि माझा?"

बाईंनी पाहिलं. जाड दट्ट्या जेमतेम केसभर सरकला होता.

"जोर वाढतो तेवढं अंतर घटतं. म्हणून पंप परत परत मारायचा. दर वेळी थोडंसं तेल, दर वेळी केसभर गाडी."

"म्हणजे दांडगी माणसं नकोत," बाई हळूहळू म्हणाल्या. "चार तर नकोतच. एकच पुरे, अगदी अशक्त असलं तरी चालेल. त्याच्याकडे फक्त भरपूर वेळ हवा."

धाकट्याने सिरिंज खाली ठेवली. ठेवता ठेवता त्याची नजर वर छताकडे गेली. छतावर, नेमकं त्या क्षणी, काठी चालत होती. टक. टक.

"या घरात एवढा वेळ कुणाकडे आहे?" बाईंनी विचारलं.

"बाई, ऐका माझं." त्याने त्यांचा दंडच धरला. "माझं नाव लिहा. आत्ता लिहा. दोरी मीच ओढली."


पाचवी खाच

दरवेळी बाई आल्या की घरातलं कुणीतरी वरच्या खोलीचं दार हळूच लोटून घ्यायचं. आज बाईंनी ते स्वतः उघडलं.

पलंग भिंतीला टेकून होता. त्याच्या उशाशी जमिनीतून एक जाड लोखंडी बोल्ट वर आला होता, त्यावर नट. खाली शेडमधला लिफ्टचा खांब इथे छताला पक्का केला होता. आई पलंगावर बसून होत्या. लहानखुऱ्या, मनगटं काडीसारखी. हाताशी काठी.

"या. बसा. मला कुणी काही विचारतच नाही," आई म्हणाल्या. "सगळे येतात, खाली बोलतात, जातात. मला साबुदाण्याच्या पापडासारखं जपून ठेवलंय."

"विचारायला आलेय मी."

"विचारा."

बाईंना सुरुवात कुठून करावी कळेना. त्या पलंगाकडे बघत राहिल्या. दोन उशा होत्या. एकीवर विटलेला अभ्रा, त्यावर निळी फुलं. दुसरीवर नवा पांढरा.

"जोडी मोडली," आईंनी त्यांची नजर ओळखली. "दुसरा थोरल्याने नेला. म्हणाला, आई, मऊ चिंधी हवीय एका कामाला. मी म्हटलं, ने."

"काठी छान आहे. जड वाटते."

"त्यानेच करून दिली. बाजारातल्या काठ्या म्हणे लेच्यापेच्या."

"त्या दुपारी तुम्ही काय करत होता?"

आईंनी पांढऱ्या अभ्र्यावरून हात फिरवला, एकदा, दोनदा.

"झोपले होते. गाढ. दुखणं झाल्यापासून इतकी छान झोप लागली नव्हती. एकदाही दचकून उठले नाही बघा. उठले ती त्या धडाक्यानेच."

त्या बाईंकडे बघत राहिल्या. परीक्षेचा पेपर देऊन उत्तराची वाट बघावी तशा.

बाई उठल्या. जिना अर्धा उतरल्यावर त्यांचा पाय हवेतच थांबला.


सहावी खाच

या खाचेत काहीच वाजत नाही.

त्या दुपारी गाडी छातीएवढी वर चढली होती. चढताना दोन्ही खांबांवर प्रत्येक खाचेला खट वाजायला हवं होतं. खांब छताला पक्का. छताच्या वर पलंग. पलंगावर, पानाच्या सळसळीने जागी होणारी आई.

ती गाढ झोपली होती.

म्हणजे खटके वाजलेच नाहीत. म्हणजे दोरी गाडी खाली पाडायला कुणी ओढली नव्हती. गाडी वर चढायच्या आधीपासूनच ती ओढून आकड्याला बांधलेली होती. मऊ चिंधीने, लोखंडाला लोखंड लागून आवाज होऊ नये म्हणून. ज्याने दुपारी मेकॅनिकला बाहेर पिटाळलं त्याने. जो स्वतः खाली शिरणार होता त्याने.

आणि नळी फुटली तेव्हा धाकटा दोन्ही हातांनी दोरी ओढत नव्हता. सोडत होता.


सातवी खाच

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई शटर न वाजवता आत आल्या आणि फळीशेजारच्या स्टुलावर बसून राहिल्या. बाहेर सायलेन्सर कुणाशी तरी त्याच्या मते हळू बोलत होता. गाडी आता कमरेएवढी वर होती.

जिन्यावर टक वाजलं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक.

आई भिंत धरून उतरल्या. पंपापाशी आल्या. काठी उलटी केली. रबर गेल्यामुळे उघडं पडलेलं तिचं टोक चौकोनी होतं. ते त्यांनी भोकात बसवलं, ते चपखल बसलं, आणि दांड्यावर दोन्ही हात ठेवून त्या रेलल्या. त्यांचं सगळं वजन ते काय, पण दांडा खाली गेला. वर आला. पुन्हा रेलल्या. पदराने तोंड पुसलं. पुन्हा. गाडी हलतेय असं अजिबात वाटत नव्हतं. घड्याळाचा तासकाटा हलताना दिसतो का कधी, तसं. बाईंना वाटलं, आता उठावं, थांबवावं त्यांना. त्या उठल्या नाहीत.

खट.

आई थांबल्या. डोळे मिटले आणि मान थोडी कलती करून आवाज विरेपर्यंत ऐकत राहिल्या.

"आई," बाई हळूच म्हणाल्या.

आई दचकल्या नाहीत. "आलात होय. जरा धरा मला. दम लागलाय."

बाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि डबीतून रबरी बूच काढून त्यांच्या हातावर ठेवलं. आईंनी ते मुठीत मिटलं.

"कशाला उचलता ही गाडी?"

"आवाज ऐकायला." त्यांनी वर बोट केलं. "तो बोल्ट माझ्या उशाशी येतो. इथे खट झालं की तिथे कवटीत वाजायचं. मी काठी आपटायची. मग एकदा थोरल्याला म्हटलं, तेवढा एक आवाज बंद कर रे बाबा, दुपारी तरी डोळा लागू दे. एकदाच म्हटलं." त्या थांबल्या. "छे, पुष्कळदा म्हटलं असेन. म्हणून मला बघायचं होतं, हा आवाज मुळात आहे तरी केवढा. इथून. तो बसायचा तिथून."

"मग?"

"एवढासा आहे हो. कपाटाची कडी लागावी एवढा." त्यांनी मूठ उघडून बूच पाहिलं, परत मिटली. "पहिल्या दिवशी ऐकला तर खरं नाही वाटलं. म्हटलं, वरच्या खाचांचा मोठा असेल. म्हणून रोज एक."

जिन्यावर सावली हलली. धाकटा उभा होता, त्याच्या मागे वहिनी, हातात तसंच ओलं फडकं.

"आई, तुला कुणी सांगितलं?" धाकट्याने विचारलं.

"कोण सांगणार? तुम्ही सगळे कुजबुजता. पण मी झोपले होते हे तर मला माहीत आहे ना? धडाक्याने जागी झाले, आणि डोळे उघडायच्या आधी, एवढंसंच, मनात आलं, आज कशी छान झोप झाली." आईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. "ते माझ्या मनातून जात नाही."

बाहेर सायलेन्सरही गप्प झाला होता.

"ही काठी दिली त्या दिवशी त्याने मला इथे आणून दाखवलं होतं," आई म्हणाल्या. "म्हणाला, आई, ही साधी काठी नाही बरं का. तू इकडे जरासं दाबायचं, तिकडे गाडी उचलली जाते. मी म्हटलं, चल, चेष्टा करतोस म्हातारीची." त्यांनी मान वर करून गाडीकडे पाहिलं. "जरासंच दाबलं होतं मी."

बाई धाकट्याकडे वळल्या. "चिंधी तुमच्याकडे आहे."

त्याने भावाच्या शर्टाच्या खिशातून घडी काढली. निळ्या फुलांची पट्टी, एका टोकाला गाठ, गाठीत लाल दोरीचे तंतू. "नळीतून सूं झालं तेव्हा मी दोरीकडे झेपावलो. गाठ पक्की होती. दादाच्या गाठी पक्क्याच असतात. सुटली, पण तोवर..."

"आणि मरशील एक दिवस?"

"रोज म्हणायचो. बांधू नको म्हणून. तो म्हणायचा, तासाभराचा तर प्रश्न आहे, झोपू दे तिला."

वहिनी जिन्याच्या पायरीवर एकदम खाली बसल्या. फडकं मांडीवर पडलं. त्यातलं पाणी त्यांच्या कपड्यांत झिरपत गेलं, ते त्यांना कळलं नाही.

"लिहा तुमची ओळ," आई बाईंना म्हणाल्या. "थोरल्याने दोरी बांधली. आणि का बांधली तेही लिहा."

"कारण लिहायला माझ्या कागदावर जागा नसते, आई."

"मग करा जागा. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल, निष्काळजी होता. तो निष्काळजी नव्हता हो. त्याला नको इतकी काळजी होती."

बाईंनी मान हलवली. त्यांनी डबीतली एक गोळी काढली, आणि खाल्ली नाही.


वर

"एक काम कराल?" आई उठत म्हणाल्या. "वीज लावा. ही पार वरपर्यंत जाऊ दे. खटके लावून, नीट. मी वर जाऊन पडते."

"तुम्हाला त्रास होईल," बाई म्हणाल्या.

"होऊ दे."

त्यांनी बूच काठीला बसवलं, ठोकून पक्कं केलं आणि काठी घेऊन जिन्याकडे निघाल्या. वहिनी उठल्या, त्यांना हाताला धरून वर घेऊन गेल्या, आणि परत खाली आल्या. पलंग करकरलेला खाली ऐकू आला.

बाईंनी पेटीवरची कागदाची पट्टी फाडली आणि फ्यूज जागेवर बसवला. धाकटा बटणापाशी उभा राहिला. लाल दोरी त्याच्या शेजारी मोकळी लोंबत होती. त्याने बटण दाबलं.

मोटर घुमली. नळी ताठ झाली. ज्या कामाला आईंना रोजची एक दुपार लागायची, ते मोटरने एका दमात केलं.

खट.

धाकट्याचं बोट बटणावरून निसटलं. त्याने छताकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. ही काठी आपटायची वेळ होती. आईंच्या दुखण्यापासून याच क्षणी ती वाजत आली होती. एकदा, ठक, म्हणजे बास करा.

वरून काही आलं नाही.

त्याने परत बटण दाबलं. खट. परत थांबला. तो तसाच मान वर करून उभा राहिला, कुणीतरी रागवेल म्हणून वाट बघणाऱ्या लहान मुलासारखा. शटरबाहेर सायलेन्सर येऊन उभा राहिला होता, टोपी हातात घेऊन.

वहिनी पुढे आल्या. धाकट्याच्या शेजारी, दोरीच्या अलीकडे, जिथे त्या दुपारनंतर त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं, तिथे उभ्या राहिल्या.

"थांबू नका, भावोजी," त्या म्हणाल्या.

त्याने बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. गाडी चढत गेली. दोन्ही खांबांवर खटके पडत राहिले, एकेक, खणखणीत, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत. मग मोटर थांबली, आणि तेलाचा दाब सगळीकडे सारखा होऊन स्थिर झाला.

सायलेन्सर आत आला, आणि ते चौघं गाडीखाली उभे राहून ऐकत होते.

वरून काठी वाजली नाही.